औषधामागील मूक जीव आणि श्रावकाची सही

(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवी वर्षानिमित्त आयोजित व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत बोलावे असा निरोप आला तेव्हा मी विश्वस्तांना म्हणालो की, मी कापडाचा व्यापारी, शिक्षण बी.कॉम., माझ्या बोलण्यात ठाण आणि मीटर यांपलीकडे काय असणार? त्यावर अध्यक्ष महोदय म्हणाले, "तुम्ही त्या उंदरांच्या कमिटीवर आहात ना, त्याविषयी बोला. लोक मागे बोलतात, त्यापेक्षा तुम्हीच समोर येऊन सांगा." त्यांचे म्हणणे खरे आहे. 'जैन असून हा माणूस उंदीर मारण्याच्या कागदावर सही करतो' ही कुजबुज माझ्या कानांवर आलेली आहे. ती खोटी नाही. मी सही करतो. क्वचित करीतही नाही. ती कशी आणि का, एवढेच आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

प्रथम हा आजार काय ते सांगतो. जखम चिघळली की आपण 'सेप्टिक झाले' म्हणतो. डॉक्टर ज्याला 'सेप्सिस' म्हणतात तो त्याच्या पुढचा प्रकार. जंतुसंसर्ग एका जागी राहत नाही, आणि त्याच्याशी लढण्यासाठी शरीर जी शक्ती उभी करते ती बेताल होऊन शरीरावरच उलटते. मूत्रपिंड, फुप्फुसे, हृदय एकेक करून थकू लागतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार २०१७ या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि सुमारे १ कोटी १० लाख लोक त्यात दगावले. बाळंतिणी आणि नवजात बालके यांना त्याचा धोका फार.

माझा या शब्दाशी परिचय २०१६ मध्ये झाला. माझी लेक लातूरला दिलेली आहे. ती आठव्या महिन्यात बाळंत झाली. बाळाचे वजन सोळाशे ग्रॅम. तिसऱ्या दिवशी त्याने दूध ओढणे सोडले, अंग गार पडले. बाळाला काचेत ठेवले. डॉक्टर म्हणाले, रक्तात जंतू आहेत. सतरा दिवस मी दुकान मुलावर सोपवून रुग्णालयाच्या जिन्यात बसून होतो आणि णमोकार मंत्राखेरीज दुसरे काही सुचत नव्हते. दिवसातून ठरावीक वेळी परिचारिका इंजेक्शनची छोटी बाटली घेऊन आत जात असे. ती बाटली कोठून आली, तिच्यामागे किती जीव गेले, हा प्रश्न त्या सतरा दिवसांत माझ्या मनात एकदाही आला नाही. नातू आज शाळेत जातो, पतंग उडवितो. प्रश्न नंतर आला.

दोन वर्षांनी आपल्या भागातील एका औषधनिर्माण महाविद्यालयाचे प्राचार्य दुकानात आले. मला वाटले, गणवेशाच्या कापडाची चौकशी असेल. त्यांनी सांगितले की, ज्या संस्थेत प्राण्यांवर प्रयोग होतात तेथे कायद्याने एक आचारसमिती असावी लागते. तीत शास्त्रज्ञ असतात, पशुवैद्य असतो, केंद्रीय समितीचा प्रतिनिधी असतो, आणि विज्ञानाशी संबंध नसलेला पण समाजाचे भान असलेला एक सामान्य नागरिकही असतो. त्या जागेसाठी केंद्रीय समितीकडे आपले नाव पाठवू का? मी म्हणालो, "साहेब, मी जैन आहे." ते म्हणाले, "म्हणूनच आलो."

या कायद्याचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण आपल्या समाजाला तो ठाऊक असावा. सुप्रसिद्ध नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत पशुक्रूरतेविरुद्ध खासगी विधेयक आणले. पंडित नेहरूंनी सरकारच तसा कायदा करील असे आश्वासन दिले, आणि १९६० मध्ये प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा अधिनियम झाला. त्या कायद्याने जीव वाचविणाऱ्या, दुःख कमी करणाऱ्या ज्ञानासाठी होणारे प्रयोग निषिद्ध ठरविले नाहीत. मात्र त्यांवर देखरेख ठेवणारी समिती नेमण्याची तरतूद केली. १९९८ च्या नियमांनी ही देखरेख प्रत्येक संस्थेपर्यंत आणली. पूर्वी सीपीसीएसईए आणि आता सीसीएसईए या आद्याक्षरांनी ओळखली जाते ती हीच केंद्रीय समिती.

प्राचार्यांना मी लगेच होकार दिला नाही. आपल्याकडे गृहस्थाच्या संदर्भात हिंसेचे चार प्रकार सांगितले आहेत: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. चूल पेटविताना, शेती-व्यापार करताना, स्वतःचे रक्षण करताना जी घडते ती गृहस्थाला पूर्णपणे टळत नाही. जाणूनबुजून केलेली संकल्पी हिंसा मात्र त्याने टाळलीच पाहिजे. मग निरोगी उंदराला मुद्दाम आजारी पाडणे हे कोणत्या खात्यात लिहावे? हेतू प्राण वाचविण्याचा आहे हे खरे, पण कृती तर ठरवून केलेली. उद्योगी म्हणून पळवाट काढणे मला सोपे होते. ते मनाला पटले नाही, आजही पटत नाही. आणि तरीही, नातवाच्या त्या सतरा दिवसांनंतर 'मला त्याच्याशी कर्तव्य नाही' असे म्हणण्याचे तोंड मला उरले नव्हते. (दुकानातील रेशमी साड्यांचे काय, असे आपल्यापैकी कोणी मनात म्हणत असेल. बरोबर आहे. एका साडीमागे हजारो कोश उकळत्या पाण्यात जातात आणि मी तीस वर्षे त्या साड्या हौसेने विकल्या. २०१९ पासून बंद केल्या. सांगण्यासारखे त्यात काही नाही, उशीरच झाला.)

चातुर्मासासाठी आलेल्या एका पूज्य साध्वीजींपुढे मी ही अडचण ठेवली. त्यांनी मला आज्ञा दिली नाही, तशी निषेधाचीही दिली नाही. त्यांनी एवढेच विचारले, "तुम्ही तेथे नसाल तर त्या जीवांच्या बाजूने बोलणारे कोण असेल?" मी होकार कळविला.

आता विज्ञानाकडे येतो. मी जे वाचले, शास्त्रज्ञ मंडळींना विचारून समजून घेतले, त्याचा सारांश असा की, सेप्सिसच्या बाबतीत प्राण्यांच्या बलिदानाचा हिशेब फारच विषम आहे.

एक बाजू पाहा. २५ मे १९४० रोजी ऑक्सफर्ड येथे फ्लोरी यांच्या पथकाने आठ उंदरांना घातक जंतू टोचले. त्यांपैकी चौघांना पेनिसिलिन दिले. हीटली नावाचे शास्त्रज्ञ रात्री उशिरापर्यंत बसून पाहत होते. पहाट होण्यापूर्वी औषध न मिळालेले चारही उंदीर मेले होते. औषध मिळालेले चार जिवंत होते. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १९४१ मध्ये, अल्बर्ट अलेक्झांडर नावाच्या एका पोलीस शिपायाला, ज्याच्या चेहऱ्याचा संसर्ग सर्वांगात पसरला होता, ते औषध देण्यात आले. तो सुधारू लागला. औषध इतके थोडे होते की त्याच्या लघवीतून ते परत काढून पुन्हा टोचीत. शेवटी साठा संपला आणि तो गेला. परंतु त्या आठ उंदरांनी दाखविलेली वाट बंद झाली नाही.

आपल्या महाराष्ट्रातही असेच उदाहरण आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. प्लेगचे जंतू रक्तात पसरले की जे होते तो सेप्सिसच. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली, सशांवर तपासली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळच्या संस्थेला १९२५ पासून त्यांचे नाव आहे. सशाला जे दिले ते स्वतः घेण्यास ते तयार होते, ही गोष्ट मला त्यांच्या लशीइतकीच मोठी वाटते.

दुसरी बाजू तितकीच खरी. गेल्या काही दशकांत सेप्सिसच्या वेळी शरीराची बेताल झालेली शक्ती आवरणारी शंभराहून अधिक औषधे किंवा उपाय माणसांवर तपासले गेले. उंदरांवर गुणकारी ठरलेली ही औषधे माणसांत बहुतेक निष्फळ ठरली. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत तर औषधाची मात्रा वाढविली तसे मृत्यू वाढले. २००१ मध्ये अमेरिकेत मोठ्या आशेने मान्यता मिळालेले झायग्रिस हे औषध २०११ मध्ये बाजारातून मागे घ्यावे लागले, कारण पुढील चाचणीत त्याने मृत्यू कमी होत नाहीत असे दिसले. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, सेप्सिसमध्ये फसलेल्या त्याच संशोधनातून सांधे आखडविणाऱ्या आमवातावरील आजची प्रभावी औषधे निघाली. जीव वाया गेला की नाही, हे वीस वर्षांनीही कधी कधी ठरत नाही.

असे का होते? आमच्या धंद्यात गिऱ्हाईक ठाणातून चिंधीएवढा नमुना कापून नेते, घरी धुऊन पाहते, मग माल घेते. नमुना त्याच ठाणातला असला तरच त्या कापण्याला अर्थ. प्रयोगशाळेतील उंदीर तरुण, निरोगी, एकाच वंशाचा. सेप्सिसचा रुग्ण बहुधा वृद्ध, मधुमेही, नाहीतर सोळाशे ग्रॅमचे बाळ. जंतूंच्या ज्या विषाच्या सूक्ष्म अंशाने माणूस फणफणतो, ते विष उंदीर हजारो पटींनी अधिक सोसतो. शिवाय रुग्णाला सलाईन लागते, प्रतिजैविक मिळते, वेदना कमी केल्या जातात. उंदराच्या पोटात मात्र आतड्याचा एक भाग दोऱ्याने बांधून त्याला सुईने छिद्र पाडायचे आणि तो केव्हा मरतो हे मोजत राहायचे, अशी पद्धत १९८० च्या सुमारापासून रूढ आहे. येथे हे सांगताना मला संकोच वाटतो, पण ज्याबद्दल आपण बोलतो ते नेमके काय आहे हे ठाऊक असले पाहिजे.

२०१३ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या गटाने दाखविले की, दाह-जखम-संसर्गाच्या वेळी माणसाच्या आणि उंदराच्या पेशींतील बदलांत फारसे साम्य नाही. दुसऱ्याच वर्षी जपानी शास्त्रज्ञांनी तीच आकडेवारी वेगळ्या रीतीने मांडून साम्य पुष्कळ आहे असा उलट निष्कर्ष काढला. एकाच वह्यांवरून दोन मुनिमांनी दोन ताळेबंद काढावेत तसे हे झाले. कोण बरोबर, हे सांगण्याची माझी योग्यता नाही. पण २०१७ मध्ये व्हिएन्ना येथे तज्ज्ञ जमले आणि पुढील वर्षी त्यांच्या ज्या शिफारशी प्रसिद्ध झाल्या, त्या वाचून मला फार समाधान वाटले. प्राण्याला रुग्णासारखेच द्रव द्यावे, प्रतिजैविकाचा विचार करावा, वेदनाशामक द्यावे, मरेपर्यंत वाट पाहू नये, ठरावीक लक्षणे दिसताच त्याचे हाल थांबवावेत, असे त्यांत आहे. म्हणजे प्राण्याची काळजी घेणे आणि प्रयोग विश्वासार्ह करणे या गोष्टी येथे पुष्कळ अंशी एकच आहेत. आपल्याकडे हिंसेच्या विचारात प्रमादाला, बेसावधपणाला, केवढे स्थान आहे ते आपण जाणता. त्या कागदांत मला तोच प्रमाद वेगळ्या भाषेत दिसला.

आता समितीतील एक प्रसंग. एम.फार्म.च्या एका विद्यार्थिनीचा प्रस्ताव आला. एका वनस्पतीचा अर्क सेप्सिसवर उपयोगी पडतो का, हे पाहायचे होते. एकूण ४८ उंदीर. आधी आठ दिवस अर्क पाजायचा, मग जंतूंचे विष टोचायचे आणि सात दिवसांत किती मरतात ते मोजायचे. सर्वजण पाने उलटीत होते. मी भीत भीत विचारले, "ताई, रुग्ण आजारी पडण्याच्या आठ दिवस आधी औषध घ्यायला येतो का?" खोली शांत झाली. पशुवैद्य डॉक्टर हसले आणि म्हणाले, "शेठजी, हाच प्रश्न आम्ही विचारायला हवा होता."

त्या यशाने माझा धीर वाढला आणि मी पुढची मागणी केली की, ४८ नकोत, दहा उंदरांत भागवा. मला वाटले, अडतीस जीव वाचविले. तेव्हा संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांनी फळ्यावर आकडे मांडून दाखविले की, दहा उंदरांत आलेला निकाल योगायोगाचा की औषधाचा हे सांगताच येणार नाही. म्हणजे ते दहाही फुकट जातील आणि पुढे कोणीतरी हा प्रयोग पुन्हा करील. मी दया म्हणून मागितलेली कपात दया नव्हती. त्या रात्री मला झोप आली नाही. जीवदया म्हणजे संख्या कमी करणे, असे मी जन्मभर धरून चाललो होतो.

प्रस्ताव परत गेला. वेदनाशामकावरून वाद झाला. मार्गदर्शक प्राध्यापिकांचे म्हणणे, त्या औषधाने शरीराची प्रतिकारशक्ती बदलते आणि निकाल बिघडतो. पशुवैद्य म्हणाले, वेदनेनेही ती बदलतेच. शेवटी अर्क नंतर द्यायचा, सलाईन आणि प्रतिजैविक सर्वांना, दर काही तासांनी तापमान व हालचाल पाहायची आणि ठरलेल्या खुणा दिसताच प्राण्याला यातनामुक्त करायचे, असे ठरले. आधी थोड्या उंदरांवर चाचपणी, ती आशादायक असेल तरच पुढे. मी सही केली. त्या दिवशी उपवास केला. उपवासाने ते खाते मिटते असा माझा दावा नाही.

चाचपणीत अर्काचा काहीही उपयोग दिसला नाही. प्रयोग तेथेच थांबला. बाकीचे उंदीर वाचले. पण मग कळले की, असा निष्फळ निकाल बहुधा कोठे छापलाच जात नाही. म्हणजे दुसऱ्या गावचा दुसरा विद्यार्थी उद्या तोच अर्क घेऊन तेवढेच उंदीर मारणार! तोटा वहीत लिहायचा नाही ही कोणती हिशेबपद्धती? मी आग्रह धरला आणि त्या मुलीने तो निकाल आपल्या प्रबंधात पूर्ण लिहिला. निरोप घेताना ती म्हणाली, "काका, मलाही ते करताना बरे वाटत नव्हते. पण कोणी विचारलेच नव्हते."

मी त्यांचे अॅनिमल हाउसही पाहिले. प्लास्टिकच्या पिंजऱ्यांत भाताच्या तुसावर पांढरे उंदीर. तेथील सेवक एकेकाला तळहातावर घेऊन शेपटीवरची खूण दाखवीत होते. त्यांच्या हातात ते जीव घाबरत नव्हते. याचे समाधान मानावे की दुःख, हे मला त्या वेळी कळले नाही.

प्राण्यांना पर्याय नाही, असेही नाही. आपल्याला टोचल्या जाणाऱ्या सलाईनमध्ये व इंजेक्शनमध्ये ताप आणणारे जंतुविष तर नाही ना, हे पाहण्यासाठी पूर्वी सशाच्या कानाच्या शिरेत ते टोचून तीन तास त्याचा ताप मोजत. १९७० च्या दशकापासून त्याऐवजी नालखुरी खेकड्याच्या निळ्या रक्ताची परीक्षा आली. ओडिशाच्या किनाऱ्यावर हा जीव आढळतो. ससा सुटला, खेकडा अडकला! आता त्या रक्तातील घटक प्रयोगशाळेत तयार होतो आणि युरोपच्या औषधसंहितेने सशावरील ती परीक्षा वगळण्याचा निर्णय २०२४ मध्ये घेतला. आपल्या देशातही २०२३ मध्ये औषध-चाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती होऊन प्राण्यांऐवजी पेशींवरील व संगणकीय पद्धतींना वाट मोकळी झाली.

आणि गडचिरोली. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना शिकविले. बाळ दूध ओढत नाही, अंग गार पडले, रडणे क्षीण झाले, अशा खुणांवरून त्या आरोग्यदूत नवजात बाळाचा जंतुदोष ओळखीत आणि घरीच जेंटामायसिनचे इंजेक्शन देत. त्या गावांतील नवजात बालमृत्यू हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आले. जंतुदोष झालेल्या बाळांपैकी पूर्वी शेकडा १६.६ दगावत, ते प्रमाण २.८ झाले. डिसेंबर १९९९ च्या 'लॅन्सेट'मध्ये हे प्रसिद्ध झाले. नवा एकही प्राणी न मारता मिळालेले हे ज्ञान आहे. मात्र ते जेंटामायसिन पूर्वी कधीतरी प्राण्यांवर तपासलेले होतेच, हे मी माझ्यापासून लपवीत नाही. माझ्या नातवाची ती छोटी बाटलीही तशीच होती.

म्हणून समितीत प्रस्ताव आला की मी आता हेच विचारतो: हे उत्तर याआधी कोणी काढले आहे का? प्राण्याशिवाय काढता येईल का? रुग्णाला जे मिळते ते या जीवाला मिळणार का? आणि निकाल काहीही आला तरी तो लिहिणार का? दोनदा समाधान झाले नाही म्हणून मी सही नाकारली. त्यांतला एक प्रस्ताव पुन्हा आलाच नाही. दुसरा आला, बराच सुधारून. तो वाचूनही माझ्या मनाला उभारी आली नाही, तरी सही केली.

पुढील महिन्यात समितीची बैठक आहे. चाळीस उंदरांचा एक नवा प्रस्ताव माझ्या गल्ल्याशेजारी पडून आहे, अर्धा वाचून झाला आहे. ज्यांना ते अॅनिमल हाउस स्वतः पाहावेसे वाटते त्यांनी, विशेषतः तरुण मंडळींनी, कार्यक्रमानंतर माझ्याकडे नावे द्यावीत. प्राचार्यांची परवानगी मी काढीन. ज्यांचा या सहीला विरोध आहे त्यांनीही अवश्य यावे.  बोलण्यात शास्त्राविरुद्ध काही गेले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेन्द्र.